शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख

आपल्या गावच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराचा जीर्णोद्धार श्रींच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने तडीस गेला. या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे असे समितीने ठरविले आणि ते लिहिण्याचे काम मजवर सोपविले. मी लेखक नाही. तहसील कचेरीत कारकून आहे, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत झालेले. टिपणे लिहिण्याची सवय आहे एवढाच काय तो अधिकार. तेव्हा लिखाणात काही उणे-अधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

देवळाच्या पुस्तकात संतांचे चरित्र शोभते, वकिलाचे व मंत्र्याचे कशाला, अशी शंका समितीच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी काढली होती. शंका रास्त आहे. परंतु ज्या वकिलाविषयी मी लिहीत आहे, त्यांच्या आयुष्यात देऊळ आणि शाळा या दोन गोष्टी इतक्या जवळजवळ आल्या आहेत की, आपल्या वऱ्हाडात नव्या देवळाचा कळस चढतो तेव्हा त्यांची आठवण होणे साहजिक आहे. ते वकील म्हणजे डॉ. पंजाबराव शामराव देशमुख. वऱ्हाडातली माणसे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. मीही पुढे तसेच लिहितो.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. आईचे नाव राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखीच्या वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. वतन मोठे होते असे कोणी समजू नये. घर कास्तकाराचे होते आणि कास्तकाराच्या घरी जे असते ते सर्व तेथे होते, म्हणजे वावर, बैल, पावसाची वाट पाहणे आणि सावकाराची वही.

त्या काळी खेड्यातल्या मुलाचे शिक्षण गावातल्या चार इयत्तांतच आटोपत असे. पुढे शिकायचे तर गाव सोडावे लागे. पंजाबराव पापळहून चांदूर रेल्वेला, तेथून कारंजा लाडला आणि मग अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये असे पायरीपायरीने गेले. प्रत्येक पायरीवर नवे गाव, नवी खोली आणि जेवणाची नवी व्यवस्था. १९१८ साली ते मॅट्रिक झाले व पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. मुलगा हुशार निघाला ही गोष्ट तोपर्यंत सर्वांच्या लक्षात आली होती, परंतु वडील शामराव यांनी त्यापुढे जो निर्णय घेतला तो त्या काळच्या मानाने धाडसाचाच म्हटला पाहिजे. मुलाला विलायतेस पाठविण्याकरिता त्यांनी शेती गहाण टाकली.

गहाणखत म्हणजे काय हे माझ्यासारख्या कचेरीत बसणाऱ्याला ठाऊक आहे. कागदावर दोन ओळींचे काम असते. पण ज्याची जमीन त्यात लिहिली जाते, त्याची झोप त्या दिवसापासून उडते. पिकले तर व्याज, न पिकले तर व्याजावर व्याज. मुदत टळली की दावा, दाव्यानंतर हुकूमनामा आणि शेवटी लिलावाची दवंडी. कापसाचे एक वर्ष हातचे गेले तर पिढ्यांची जमीन जाई. लग्नाकार्यासाठी जमीन गहाण टाकणारे पुष्कळ होते. मुलाच्या पुस्तकांसाठी टाकणारे शामराव विरळाच. भाऊसाहेबांनी पुढे कर्जाच्या कायद्यात जे लक्ष घातले त्याचे मूळ या कागदात असावे असे मला वाटते.

१९२० साली ते इंग्लंडला गेले आणि सुमारे ६ वर्षे तिकडे राहिले. एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी घेतली, बॅरिस्टरची परीक्षा दिली आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. डॉक्टरेटसाठी त्यांनी निवडलेला विषय वाचून आपल्या मंदिराच्या भक्तमंडळींना आश्चर्य वाटेल. वैदिक वाङ्मयात धर्माचा उगम कसा झाला आणि तो कसा वाढत गेला, हा तो विषय होय. हा ग्रंथ १९३३ साली छापूनही निघाला. वऱ्हाडातल्या कुणब्याच्या मुलाने वेदांचा अभ्यास मुळापासून करावा, तोही सातासमुद्रापलीकडे बसून, ही गोष्ट त्या काळात सहज मान्य होण्यासारखी नव्हती. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९२६ साली ते परत आले व अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टर आणि वर डॉक्टर, असा माणूस अमरावतीच्या कोर्टात उभा राहिला तर पैसा किती मिळवील याचा अंदाज कोणीही करावा. शामरावांची जमीन गहाण पडलेलीच होती, तेव्हा पैशाची गरज नव्हती असेही नाही. पण भाऊसाहेबांचे मन कोर्टाच्या कामात थोडे आणि कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या पक्षकारांत अधिक होते. कास्तकार कोर्टात हरतो तो कायदा त्याच्या विरुद्ध असतो म्हणूनच नव्हे, तर कशावर अंगठा उठविला हे त्याला वाचता येत नाही म्हणून. हे ज्या वकिलाच्या ध्यानात आले तो वकिलीवर फार काळ समाधानी राहत नाही. १९२७ साली त्यांचा विवाह मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी झाला. विवाह आंतरजातीय होता आणि त्या काळी त्याची चर्चा गावोगाव झाली असेल हे सांगावयास नको. विमलाबाई स्वतः सुशिक्षित होत्या आणि पुढे त्याही लोकांच्या कामात पडल्या, खासदार झाल्या.

खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर खरी अडचण कोणती? फीची असे आपण म्हणू. परंतु भाऊसाहेब स्वतः त्या वाटेने गेलेले असल्यामुळे त्यांना निराळे दिसत होते. फी कशीबशी जमते, पण मुलगा राहील कुठे आणि जेवील काय, हा प्रश्न सुटत नाही. शहरात नातेवाईक नसला तर खोली मिळत नाही, खाणावळ परवडत नाही. जातीजातींची वसतिगृहे काही ठिकाणी होती, पण ज्याची जात लहान त्याला दार बंद. म्हणून भाऊसाहेबांनी अमरावतीस आल्याबरोबर मोठी शाळा बांधण्याचा बेत न करता प्रथम मुलांच्या राहण्याची सोय हाती घेतली. ते श्रद्धानंद छात्रालय होय. तेथे सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे व एका पंक्तीस जेवावे असा नियम होता. आज हे वाचून कोणाला काही विशेष वाटणार नाही. १०० वर्षांपूर्वी मुलाला अशा पंक्तीस बसविण्याआधी बापाला भावकीत चार वेळा विचार करावा लागत असे.

छात्रालयाला पैसा कुठून आणला, हा या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. भाऊसाहेबांनी मुष्टिफंड काढला. मुष्टी म्हणजे मूठ. घरातल्या बाईने दळणाला किंवा शिजवायला धान्य काढताना त्यातली मूठभर ज्वारी बाजूला ठेवायची आणि ती गोळा करून मुलांच्या अन्नाला लावायची, असा मुष्टिफंडाचा रिवाज असतो. मोठ्या देणगीदाराकडे जाऊन हात पसरण्यापेक्षा हा मार्ग कष्टाचा. पण यात एक गोष्ट अशी घडते की, देणारी बाई गरीब असली तरी ती दाती होते, आणि शहरातले छात्रालय तिने न पाहताही तिचे होते. आपल्या मंदिराच्या वर्गणीच्या वेळी ज्यांनी रोख न देता पायलीभर तूर किंवा दोन दिवसांची मजुरी दिली, त्यांची नावे यादीत घालावीत की नाही यावर समितीत थोडा वाद झाला होता. ती घातली गेली याचा मला आनंद वाटतो.

आता देवळाकडे येतो.

अमरावतीची अंबादेवी सबंध वऱ्हाडाची कुलदेवता म्हणावी इतकी तिची कीर्ती आहे. आपल्या गावातूनही नवरात्रात माणसे जातात. १९२७ साली हे देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले नव्हते. त्याच वर्षी मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि त्याचे पडसाद वऱ्हाडात उमटले. अंबादेवीचे दार उघडावे म्हणून अमरावतीस चळवळ उभी राहिली व तिच्या आघाडीवर भाऊसाहेब होते. वय अवघे २८ वर्षांचे, वकिली नुकतीच सुरू झालेली आणि पक्षकार बहुतेक सवर्ण. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी या प्रश्नावर अमरावतीस परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी स्वतः बाबासाहेब आले. त्या परिषदेच्या वेळीच त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारल्याची तार त्यांना मिळाली. सामोपचाराला अवसर मिळावा म्हणून सत्याग्रह त्या वेळी पुढे ढकलण्यात आला.

मी वर वेदांच्या अभ्यासाविषयी लिहिले ते यासाठी. दार बंद ठेवणारे नेहमी शास्त्राचा आधार देतात. येथे शास्त्र ज्याने ऑक्सफर्डमध्ये बसून पानोपान वाचले तोच मनुष्य दाराबाहेर उभा होता, आणि ज्यांना आत येऊ देत नाहीत त्यांच्या बाजूने उभा होता. त्याला धर्म कळत नाही असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मला वाटते, भाऊसाहेबांच्या विद्वत्तेचा खरा उपयोग पदवीदान समारंभात झाला नाही, तो या ठिकाणी झाला.

आपल्या गावाविषयीही एक गोष्ट लिहिणे भाग आहे. समितीने ती छापण्यास संमती दिली याबद्दल आभार. आपल्या या विठ्ठलाच्या जुन्या देवळाला पाच पायऱ्या होत्या. काही घरांतली माणसे खालच्या पायरीपाशी उभी राहून हात जोडत आणि तेथूनच परतत, हे पाहिलेले वृद्ध मी लहान असताना हयात होते. त्या घरांतल्या नातवांची नावे या वेळी देणगीदारांच्या फलकावर आहेत व सभामंडपाचा स्लॅब पडला त्या रात्री घमेली उचलणाऱ्यांत तेच पुढे होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली सर्वांना खुले झाले. भाऊसाहेबांची अमरावतीची चळवळ त्याच्या २० वर्षे आधीची.

अंबादेवीच्या चळवळीमुळे भाऊसाहेबांची वकिली आणि लोकप्रियता दोन्ही बुडतील असे काहींना वाटले असेल. घडले उलटे. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष निवडून आले. तिशी पुरी झाली नव्हती. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करविल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून खटपट केली आणि शाळांसाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता कर वाढविण्याचेही टाळले नाही. निवडून आलेला मनुष्य कर कमी करण्याचे आश्वासन देतो, वाढविण्याचे सहसा देत नाही. कर वाढला तेव्हा ज्यांच्यासाठी शाळा काढायच्या त्या कास्तकारांनीही बोटे मोडली असतील. कचेरीत वसुलीच्या काळात काय काय ऐकावे लागते ते मी जाणतो. पण शाळेची भिंत हवेवर उभी राहत नाही.

१९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे होती. खेड्यातल्या मुलाला दुसरी कोणती खाती हवीत? परंतु काळ वाईट होता. १९२९ पासून जगभर मंदी आली होती, कापसाचा भाव कोसळला होता आणि वऱ्हाडचा कास्तकार कापसावरच जगत असल्यामुळे कर्जात बुडाला होता. पीक पूर्वीइतकेच येई, पण त्याचा पैसा निम्माही होत नसे. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र जुन्या भावाचा. अशा वेळी १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला. त्याला लोक कर्ज लवाद कायदा म्हणतात. त्यामागे भाऊसाहेबांचा मोठा हात होता. त्याची रीत साधी होती. लवाद मंडळापुढे कास्तकार व सावकार दोघांनाही बोलवायचे, वही उघडायची, मुद्दल किती आणि व्याज किती ते पाहायचे, दोघांच्या संमतीने रक्कम कमी करून हप्ते बांधून द्यायचे. सावकाराचा पैसा बुडत नाही व कास्तकाराची जमीन जात नाही. सर्वच प्रकरणे मिटली असे नव्हे. तरी देखील लिलावाच्या दवंडीपूर्वी एक दार उघडे झाले. शामरावांच्या मुलाला या दाराची किंमत दुसऱ्याने सांगण्याची गरज नव्हती.

याच मंत्रिपदाच्या काळात, १९३२ साली, दोन गोष्टी घडल्या. एक लगेच रुजली, दुसरी रुजली नाही. रुजली ती अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था. न रुजलेली गोष्ट म्हणजे हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक.

न रुजलेल्या गोष्टीविषयी अगोदर लिहितो, कारण ती देवळाच्या पुस्तकात लिहिण्याची आहे आणि बहुधा लोक ती टाळतात. देवस्थानांकडे जमिनी असतात, दागिने असतात, यात्रेचे उत्पन्न असते. हे सर्व लोकांनी दिलेले. त्याचा हिशेब लोकांना मिळावा आणि पूजा-अर्चा, दुरुस्ती, अन्नछत्र यांचा खर्च भागून जे उरेल ते शिक्षणासारख्या लोकांच्या कामी लागावे, असा भाऊसाहेबांचा विचार होता. या विधेयकाला कडाडून विरोध झाला व ते मंजूर होऊ शकले नाही. विरोध करणारे सगळे स्वार्थी होते असे मी म्हणणार नाही. त्या वेळी सरकार इंग्रजांचे होते. परक्या सरकारने देवाच्या पेटीत हात घालावा काय, ही भीती प्रामाणिक माणसांनाही वाटली असेल. मी सरकारी नोकर असूनही ती भीती समजू शकतो. पण काही जणांना भीती हात घालण्याची नव्हती, वही उघडण्याची होती, हेही तितकेच खरे. आज महाराष्ट्रात देवस्थानांना आपले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत सादर करावे लागतात आणि त्यात कोणाला धर्मबुडवेपणा दिसत नाही. भाऊसाहेब वेळेच्या फार आधी बोलले एवढाच त्यांचा अपराध.

१९३३ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. तेथून पुढची वर्षे त्यांनी शिक्षण संस्थेला दिली. श्री शिवाजी शिक्षण संस्था आज विदर्भात वटवृक्षासारखी पसरली आहे. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे मिळून तिच्या शाखा शेकड्यांनी मोजाव्या लागतात. पण आरंभी ती मुष्टिफंडाच्याच वळणाची होती. खेड्यापाड्यांत हिंडायचे, लोकांना जमवायचे, कोणी जागा द्यायची, कोणी लाकूडफाटा, कोणी बैलगाडी. अशा शाळेचे शिक्षक कित्येक वेळा पगाराची वाट न पाहता शिकवीत. १९४६ साली अमरावतीस संस्थेचे कॉलेज निघाले. कॉलेज निघाल्यामुळे वऱ्हाडातल्या मुलाला पदवीची वाट अधिक सोपी झाली. या सर्व खटाटोपात भाऊसाहेबांना पगार नव्हता. वकील होते, मंत्री होऊन गेले होते, पुढे दिल्लीत १० वर्षे मंत्री होणार होते, पण शाळेचे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकले नाही आणि अखेरपर्यंत सोडले नाही. मंत्री झालेला माणूस शाळेच्या उद्घाटनास येतो हे आपण पाहतो. शाळेसाठी धान्य मागत हिंडलेला माणूस मंत्री होतो हे क्वचित पाहावयास मिळते.

माझ्या घरात माझ्या आजोबांपर्यंत सही कोणाला येत नव्हती. वडील या संस्थेच्या एका शाळेत सातवीपर्यंत शिकले व मी दहावीपर्यंत. आज कचेरीत माझ्यासमोर सात-बाराचा उतारा मागायला येणाऱ्या म्हाताऱ्याला मी तो वाचून दाखवितो, तेव्हा मला आजोबांचा निळा अंगठा आठवतो. व्यक्तिगत मजकूर स्मरणिकेत नसावा, तरी हा इतका राहू द्यावा.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भाऊसाहेब घटना समितीचे सभासद होते. तेथे त्यांनी कितीतरी दुरुस्त्या सुचविल्या आणि खेड्यातल्या, शेतीवर जगणाऱ्या, शिक्षणात मागे राहिलेल्या समाजांची बाजू पुन्हा पुन्हा मांडली. वकिलीचे शिक्षण येथे उपयोगी पडले. कायद्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर किती माणसे आत येतात व किती बाहेर राहतात, हे अंबादेवीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला चांगले कळत होते. मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघटनेचे कामही त्यांनी त्यानंतर अंगावर घेतले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते अमरावतीहून लोकसभेवर गेले. पुढे १९५७ व १९६२ सालीही लोकांनी त्यांनाच निवडले. १९५२ ते १९६२ ही १० वर्षे ते केंद्र सरकारात कृषिमंत्री होते. त्या काळी देशात अन्नाची टंचाई होती आणि बाहेरून धान्य आणावे लागे. भाताच्या लागवडीची जपानी पद्धत देशभर नेण्याची मोहीम १९५३ मध्ये त्यांनी चालविली. उंच वाफ्यावर रोप तयार करावे, बी थोडे वापरावे, रोप ओळीने व ठरावीक अंतरावर लावावे, खत भरपूर द्यावे आणि ओळींतून कोळपणी करावी, अशी ती पद्धत. आमच्याकडे भात नाही म्हणून आपल्याला तिचे अप्रूप नाही, पण पूर्व विदर्भात व कोकणात जुन्या माणसांना हे नाव ठाऊक आहे. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. व्यापाऱ्यांची संघटना असते, कामगारांची असते, कास्तकारांचीच का नसावी, हा त्यामागचा हिशेब. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या वेळी हजर होते. पापळच्या वावरात वाढलेल्या माणसाने जगाची शेती दिल्लीच्या मैदानात आणून उभी केली, याचे वऱ्हाडात फार कौतुक झाले. मला स्वतःला मात्र छात्रालयाचे महत्त्व या प्रदर्शनापेक्षा अधिक वाटते. प्रदर्शन काही दिवसांनी उठते. मूठभर ज्वारीवर वाढलेला मुलगा शिकून घरी येतो तेव्हा त्या घराची रीत बदलते.

१९६२ नंतर ते मंत्री नव्हते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. वय ६६ वर्षांचे होते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ सुरू झाले व त्याला त्यांचे नाव देण्यात आले. १९८४ साली अमरावतीस शिक्षण संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यालाही त्यांचे नाव आहे. १९९९ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. आपल्या गावातले जे विद्यार्थी शेतकी शिकण्यासाठी अकोल्यास जातात त्यांना रोज त्या फाटकातून जावे लागते, पण नावामागचा माणूस पुष्कळांना ठाऊक नसतो. या लेखाचा तेवढा उपयोग झाला तरी पुरे.

शेवटी समितीच्या सांगण्यावरून एक निवेदन येथेच जोडतो, कारण ते या विषयाला लागूनच आहे. मंदिराचा जमाखर्च पुढील पानांवर पै-पैसह छापला आहे. मुठीने धान्य देणाऱ्यांच्या नावांसह देणगीदारांची यादी त्यानंतर आहे. खर्च भागून काही रक्कम बँकेत शिल्लक राहिली आहे. त्यातून सभामंडपाला संगमरवरी फरशी बसवावी असे काहींचे म्हणणे आहे, आणि गावच्या शाळेच्या दोन खोल्यांवरचे पत्रे बदलावेत, पावसाळ्यात मुलांना एका भिंतीकडे सरकून बसावे लागते, असे इतरांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंचे लोक मंदिराचेच भक्त आहेत. पोळा झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, सकाळी काकड्यानंतर, सभामंडपात यावर सभा ठेवली आहे. सर्व आळ्यांतील स्त्री-पुरुषांनी, तसेच बाहेरगावच्या ज्या देणगीदारांना येणे शक्य असेल त्यांनी, सभेस अवश्य यावे. हिशेबाची वही सभेत उघडी ठेवलेली असेल.